पाणी कोठे मुरते?

आपल्या मराठीत एक फार उपयोगी वाक्प्रचार आहे : ‘कोठेतरी पाणी मुरते आहे.’ हिशेब जुळेनासा झाला, कोणाच्या बोलण्यात आणि वागण्यात अंतर पडू लागले, की आपण हे वाक्य सहज उच्चारतो. बँकेच्या नोकरीत मी ते असंख्य वेळा ऐकले. गेल्या वर्षी मात्र ते अक्षरशः खरे ठरलेले पाहण्याचा योग आला. माझ्या पुतण्याच्या मोटारीतील पाणी दररोज थोडे थोडे कमी होत होते, घाट चढताना इंजिन तापत होते, आणि ते पाणी नेमके कोठे मुरते हे कोणालाही सांगता येत नव्हते. त्या शोधाची ही हकिगत आहे. तीत यंत्राचा भाग बराच आहे. तथापि घरोघरी मोटार असण्याच्या आजच्या काळात तो वाचकांना निरुपयोगी वाटणार नाही, असा विश्वास वाटतो. शिवाय यंत्राच्या निमित्ताने एक असा प्रसंग उभा राहिला, की त्याचे उत्तर कोणत्याही मिस्त्रीकडे नव्हते.

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. मोटारीचे इंजिन म्हणजे मुळात बंदिस्त अग्नी. पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या ज्वालेवर झाकणासारखे बसलेले ‘हेड’ आजच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचे असते आणि हा धातू तर ६६० अंशांना वितळतो. तरीही हेड वितळत नाही, कारण त्याच्या पोटातील वाटांमधून अखंड पाणी खेळत असते. इंधनातील उष्णतेचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष गती देण्याच्या कामी येतो; एक मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो आणि जवळपास तेवढाच वाटा वाहून नेण्याचे काम या पाण्याला करावे लागते.

या व्यवस्थेचे घटक मोजकेच आहेत. पाणी फिरविणारा पंप. पाणी गार करणारी जाळी, म्हणजे रेडिएटर. गाडी उभी असता त्या जाळीतून हवा ओढणारा पंखा. आणि थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा द्वारपाल. या द्वारपालाच्या पोटात मेण असते. इंजिन थंड असेपर्यंत तो दार लावून ठेवतो आणि सुमारे ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगले, की दार उघडून पाण्याला रेडिएटरकडे सोडतो. रेडिएटरचे मधमाशीच्या पोळ्यासारखे रूप विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने घडविले. १९०१ साली रस्त्यावर आलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत त्याने आठ हजारांहून अधिक इवल्याशा चौकोनी नळ्या एकत्र जोडल्या होत्या. त्यापूर्वीच्या गाड्यांना वाटेत वारंवार पाणी पाजावे लागत असे.

या सर्वांत सर्वांत उपेक्षित घटक म्हणजे पाण्याच्या टाकीचे झाकण. वस्तुतः ते झाकण नसून दाबाची झडप असते. त्यावर ०.९ बार, १.१ बार असा आकडा छापलेला आढळतो. प्रेशर कुकरमधील पाणी १०० अंशांना उकळत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तोच न्याय येथे आहे. वातावरणाहून सुमारे एक बार अधिक दाब असला, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत चढतो. इंजिनातील पाणी शंभरीच्या आसपास पोहोचूनही खदखदत नाही, ते या झाकणाच्या बळावर. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचे हे झाकण उघडणे अत्यंत धोक्याचे असते. दाब सुटताच आतील पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

आता मूळ हकिगतीकडे वळतो. पुतण्या सांगलीत पर्यटनाच्या गाडीचा व्यवसाय करतो. गाडी एकच, सात आसनी, पेट्रोलवर चालणारी. तिच्यावर बँकेचे कर्ज. कुंभोजगिरीला बाहुबलीच्या दर्शनाला जाणारी मंडळी, तवंदी घाटातील स्तवनिधीला जाणारी कुटुंबे, सुट्टीत आंबा घाट उतरून रत्नागिरी-गणपतीपुळ्याला निघालेली तरुण मंडळी, असे त्याचे गिऱ्हाईक. गेल्या वैशाखात गाडी पाणी खाऊ लागली. टाकी भरावी, चार दिवसांत पातळी खाली. आंबा घाट चढून परत येताना काटा तांबड्या रेघेकडे झुकू लागला. गाडीखाली मात्र थेंब नाही.

तीन ठिकाणी त्याने गाडी दाखविली आणि तीन अभिप्राय मिळाले. रेडिएटरचे काम करणाऱ्याने रेडिएटर बदलण्यास सांगितले. वायरिंगच्या कारागिराच्या मते पंख्याची मोटर मंद झाली होती. तिसऱ्याने सोपा उपाय सुचविला : “थर्मोस्टॅट काढून टाका, कटकटच नको.” आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टांत आपल्याकडे अनेकांत समजावून देताना सांगतात. तिघेही आपापल्या हाताला लागलेल्या अवयवाविषयी बोलत होते. त्यांच्यात लबाड कोणीच नव्हता. परंतु तिघांचे ऐकले असते तर पंधरा-सोळा हजार रुपये खर्च होऊन दोष जागच्या जागी राहिला असता. थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला तर विशेष घातक आहे. द्वारपालच नसला तर इंजिन योग्य तापमानाला पोहोचण्यास फार वेळ लागतो, इंधन अधिक जळते, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून आडवाटेनेच फिरत राहते व इंजिन उलट अधिक तापते.

एका रात्री पुतण्या घरी आला. म्हणाला, “काका, तुम्ही एवढी ऑडिटं केलीत. आता ह्या पाण्याचं ऑडिट करा.” तो थट्टेत म्हणाला होता. मी मात्र ते मनावर घेतले. यंत्रातील मला काही कळत नव्हते. पण शिल्लक कमी पडत असेल तर काय करायचे, ते कळत होते. शिल्लक कमी पडते तेव्हा प्रथम कोणावर संशय घ्यायचा नसतो. ती केव्हा कमी पडते, किती पडते आणि केव्हा मुळीच पडत नाही, हे लिहून काढायचे असते.

एक वही घातली. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतील पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत आणायची आणि त्यासाठी किती मिलिलिटर पाणी लागले ते औषधाच्या मापाने मोजून लिहायचे. शेजारच्या रकान्यांत आदल्या दिवसाचे किलोमीटर, रस्ता सपाटीचा की घाटाचा, माणसे किती, एसी चालू होता की बंद. दुसरे काहीही बदलायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घालून घेतला. कारण एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

बारा दिवसांत वही बोलू लागली. गाडी उभी असलेल्या दोन दिवशी तूट शून्य. सपाटीच्या सहा दिवशी दररोज सुमारे ५० मिलिलिटर. घाटाच्या चार दिवशी मात्र प्रत्येकी सुमारे ४५० मिलिलिटर. काट्याचे वर्तनही नोंदले होते. शहरातील गर्दीत, रेल्वे फाटकावर ताटकळताना काटा मधोमध स्थिर; घाटात मात्र तो चढे. ही नोंद महत्त्वाची ठरली. पंखा निकामी असेल तर गाडी उभी असताना किंवा रांगताना तापते आणि रस्ता मोकळा मिळाला, की वाऱ्याने गार होते. येथे नेमके उलट घडत होते. पंख्यावरचा आरोप तेथेच गळून पडला.

ती वही घेऊन आम्ही मिरजेतील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाने उलटली आणि म्हणाले, “साहेब, गिऱ्हाईक असं लिहून आणत नाही. निम्मं काम झालंय.” मग त्यांनी सायकलच्या पंपासारखे एक हातपंपाचे उपकरण काढले. त्याला दाबमापक जोडलेला असतो. थंड गाडीच्या टाकीवर ते बसवून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका, म्हणजे १.१ बार, दाब भरला आणि पंधरा मिनिटे वाट पाहिली. काटा हलला नाही. तेवढ्या वेळात त्यांनी विजेरी घेऊन सर्व संशयित जागा पाहिल्या. रबरी पाइपांचे सांधे, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांची कड, पाण्याच्या पंपाखालचे बारीक छिद्र. पंपाचे सील झिजले, की या छिद्रातून पाणी झिरपते आणि वाळल्यावर रंगीत क्षाराचा ओघळ मागे ठेवते. तोही नव्हता. पुढच्या आसनाखालची सतरंजी उचलून पाहिली. केबिनमधील हीटरची जाळी गळत असेल तर सतरंजी ओलावते, काचेवर आतून चिकट धुके धरते आणि गाडीत गोडसर वास येतो. तसेही काही आढळले नाही.

मग त्यांनी झाकणच उपकरणावर चढविले. १.१ बारला सुटायला हवी ती झडप ०.६ बारलाच सुटत होती. सपाटीवर दररोज कमी होणाऱ्या पाण्याचा मार्ग सापडला. दाब धरला जात नसल्याने पाणी वाफेच्या रूपाने निसटत होते. अवघ्या साडेतीनशे रुपयांचे नवे झाकण बसवले.

पुतण्याचा चेहरा उजळला. परंतु मिस्त्री म्हणाले, “वही बंद करू नका. घाटाचं अजून राहिलंय.” बँकेतील माझा अनुभवही हाच होता. तूट दोन वाटांनी होत असेल तर पहिली वाट सापडताच माणूस समाधानाने फाइल मिटतो आणि दुसरी वाट सुरक्षित राहते. पुढच्या नऊ दिवसांची नोंद अशी होती : उभ्या दिवशी शून्य, सपाटीच्या पाच दिवशी शून्य, घाटाच्या तीन दिवशी मात्र प्रत्येकी सुमारे २५० मिलिलिटर. एकवीस दिवसांत एकूण दोन लिटर ८५० मिलिलिटर पाणी गेले होते. त्यापैकी काही झाकणाने नेले होते; उरलेले नेणारा अद्याप आतच होता.

याच सुमारास तो प्रसंग आला. गाड्यांच्या खरेदी-विक्रीतील एका ओळखीच्या गृहस्थांनी पुतण्याला गिऱ्हाईक आणून दिले. हातकणंगले भागातील एक तरुण. त्याला शाळेतील मुलांची ने-आण करण्यासाठी गाडी हवी होती. किंमत चांगली ठरत होती. कर्ज फिटून हाती काही उरले असते. त्या गृहस्थांनी पुतण्याला एक युक्तीही सांगितली. गळती बंद करणारे एक औषध बाजारात मिळते. ते टाकीत ओतले, की दोन-तीन महिने पाणी कमी होत नाही. “तोवर गाडी त्याच्या नावावर,” असे ते म्हणाले. या औषधातील कण फटीत जाऊन बसतात हे खरे आहे. पण ते रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसतात आणि पुढे व्हायचे ते नुकसान वाढवून ठेवतात. बँकेत न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून तेवढ्यापुरता ताळा जुळविता येतो. मात्र त्या खात्यातही ती रक्कम सर्वांना दिसेल अशी लिहिलेली असते. येथे ती लपविलेली राहणार होती.

पुतण्या औषध टाकण्यास तयार नव्हता. त्याच्या मनात दुसराच विचार घोळत होता आणि तो मला अधिक अवघड वाटला. तो म्हणाला, “काका, औषध नको. पण झाकण बदलल्यापासून सपाटीवर थेंबही कमी होत नाही. तो गावातली मुलं शाळेत नेणार. त्याला घाट कुठे लागतोय? मग न सांगता दिली तर त्याचं नुकसान तरी काय?”

त्याच्या या बोलण्यात धूर्तपणा नव्हता, थकवा होता. महिन्याला चौदा हजार सहाशेचा हप्ता, मुलीच्या अकरावीचा प्रवेश, उन्हाळ्याचा हंगाम संपत आलेला. मी त्याला उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “त्यानं जर विचारलं, ‘गाडी तापते का?’ तर काय सांगशील?” तो गप्प राहिला. मग म्हणाला, “विचारलंय त्यानं. मी म्हटलं, उद्या फोन करतो.”

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील शेवटचा आहे प्रतिरूपक व्यवहार : चांगल्या मालाच्या नावाखाली त्याच्यासारखा दिसणारा हलका माल देणे. श्रावकाच्या व्रतांचा विचार करताना मला नेहमी या तपशिलाचे कौतुक वाटत आले आहे. चोरी म्हणजे कुलूप फोडणे, एवढ्यावर आपले आचार्य थांबले नाहीत. वजनमापातील फरक, मालातील भेसळ, दिसण्याआड दडलेला दोष, येथपर्यंत त्यांची दृष्टी पोहोचली. बाजारात बसणाऱ्या समाजासाठी सांगितलेले ते शास्त्र होते. त्या रात्री यातले मी पुतण्याला काही बोललो नाही. त्याच्या घरात हे सर्व लहानपणापासून ऐकलेले आहे. सकाळी त्याचाच फोन आला, “काका, आत काय आहे ते पूर्ण बघूया. त्याला खरं काय ते सांगतो, मग तो घेवो न घेवो.”

पुढच्या तपासण्या एकाच सकाळी झाल्या. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करण्यापूर्वी मिस्त्रींनी रेडिएटरचा वरचा रबरी पाइप दाबून पाहावयास लावला. तो मऊ होता. गाडी सुरू केल्यावर दोनच मिनिटांत, पाणी अजून कोमटही झाले नसता, तोच पाइप टणक झाला. पाणी तापून दाब वाढणे स्वाभाविक असते. परंतु पाणी गार असतानाच दाब येत असेल तर तो उष्णतेचा नव्हे, ज्वालेच्या वायूचा. नंतर त्यांनी काचेच्या नळीत निळा द्रव घेतला, टाकीच्या तोंडावर ती नळी बसविली आणि रबरी फुग्याने टाकीतील हवा त्या द्रवातून ओढली. पाण्यात जळीत वायू मिसळत असेल तर त्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे हा द्रव रंग बदलतो. पेट्रोलच्या इंजिनात तो पिवळा होतो. आमच्या डोळ्यांदेखत निळा रंग प्रथम हिरवट आणि मग पिवळा झाला. शेवटी चारही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले. तिघांची टोके तपकिरी होती. दुसऱ्या सिलिंडरचे टोक मात्र वाफेने धुतल्यासारखे स्वच्छ.

आता सर्व नोंदींचा अर्थ लागला. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये पातळ पत्र्याची गॅसकेट असते. तिच्यात दुसऱ्या सिलिंडरपाशी बारीक वाट पडली होती. घाटात इंजिनावर भार आला, की सिलिंडरमधील दाब कित्येक दहापट बारपर्यंत चढतो. तो वायू त्या वाटेने पाण्यात शिरे, टाकीतील दाब वाढवी आणि झाकणाच्या झडपेतून पाणी बाहेर फेकी. चालत्या गाडीतून उडालेले हे पाणी वाऱ्याने आणि इंजिनाच्या उष्णतेने वाळून जाई. म्हणून गाडी उभी केल्यावर खाली थेंब दिसत नसे. थोडे पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जात होते. आणि मिस्त्रींच्या हातपंपाचा १.१ बार दाब थंड इंजिनातील त्या बारीक वाटेतून पाणी ढकलण्यास पुरेसा नव्हता. म्हणून पहिल्या तपासणीत काटा हलला नव्हता. सपाटीवर तूट का नाही, उभ्या गाडीत का नाही, घाटातच का, या सर्व प्रश्नांना एकच उत्तर लागू पडत होते. निदान खरे असल्याची हीच खूण.

मूळ कारणही निघाले. आदल्या हिवाळ्यात प्रवासात रबरी पाइप फुटला होता. त्या दिवशी गाडीवर बदली चालक होता. काटा तांबड्या रेघेत असताना त्याने सात-आठ किलोमीटर गाडी तशीच हाकली. पाइप बदलला गेला, गाडी चालू लागली, विषय संपला असे सर्वांना वाटले. कर्माचा बंध आणि त्याचा उदय यांच्यामधील काळाला आपल्या शास्त्रात आबाधाकाळ म्हणतात. यंत्रातही असा काळ असावा असे त्या दिवशी मनात आले. त्या सात-आठ किलोमीटरांत ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकले होते. फळ यायला पाच महिने लागले.

पुतण्याने मिस्त्रींच्या अंगणातूनच त्या तरुणाला फोन लावला आणि दोष सांगितला. दुरुस्ती करून हवी असल्यास दुरुस्तीनंतर या, असेही सांगितले. तो तरुण आला नाही. मध्यस्थ गृहस्थ काही दिवस पुतण्यावर रागावले होते.

हेड उतरविले. गॅसकेटवर दुसऱ्या सिलिंडरपासून पाण्याच्या वाटेपर्यंत नखाच्या रुंदीची काळी रेघ उमटली होती. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवून, तिच्याखाली कागदाहून पातळ पाती सरकवून वाक मोजला. तो थोडका होता. लेथवाल्याने पृष्ठभाग घासून सपाट केला, दाबाखाली तपासून तडा नसल्याची खात्री केली. नवी गॅसकेट, हेडचे नवे बोल्ट, ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या ताकदीने आवळणी, नवे कूलंट, आणि ते भरताना आत अडकलेली हवा काढणे, असे सर्व मिळून २७ हजार ४०० रुपये लागले. तडा गेला असता तर खर्च दुपटीच्या पुढे गेला असता. त्या महिन्याचा हप्ता सूनबाईंनी शिवणकामातून साठविलेल्या पैशांतून भरला. हे मुद्दाम लिहितो, कारण सचोटीच्या गोष्टी सांगताना तिची किंमत कोणी दिली, ते नाव आपण पुष्कळदा गाळतो.

दुरुस्तीनंतरही एक महिना वही चालू ठेवली. आंबा घाटाच्या पाच फेऱ्या झाल्या. पाण्याच्या रकान्यात ओळीने शून्ये उमटली.

वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. प्रवासात काटा चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण वेगाने सुरू करावा. त्याने इंजिनातील काही उष्णता केबिनमधून बाहेर पडते. तरीही काटा उतरेना तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. चार किलोमीटर पुढे गॅरेज आहे, हा विचार हेडचा शत्रू आहे. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये. काटा चढता चढता एकाएकी खाली आला तर आनंद मानू नये. पाणी इतके कमी झालेले असू शकते, की तापमापक पाण्यात न राहता कोरडा पडला. नित्याच्या वापरात नुसते पाणी, त्यातही बोअरचे जड पाणी घालू नये. आपल्याकडील क्षारयुक्त पाण्याने घरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे. आणि टाकी रोज भरावी लागत असेल तर भरणे हा उपाय समजू नये. आस्रव चालू असताना केवळ निर्जरेने भागत नाही, आधी संवर हवा, हे आपण प्रवचनात ऐकतोच. नावेतले पाणी उपसण्याआधी छिद्र बुजवावे लागते.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती शेवटी ठेवली. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. हा द्रव चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतो. पोटात गेल्यावर त्यापासून बनणारे ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. चहाचा एक चमचा द्रवही मांजराच्या जिवावर बेतू शकतो. गाडी दुरुस्त करताना कूलंट उघड्या घमेल्यात काढून ठेवतात, गळक्या गाडीखाली त्याचे डबके साचते, आणि उन्हाळ्यात तहानलेली कुत्री, मांजरे, पाखरे त्याकडे वळतात. पाणी गाळून पिणाऱ्या आणि पाऊल टाकताना किडामुंगी पाहणाऱ्या आपल्या समाजात किती जणांना हे ठाऊक असेल? सांडलेल्या कूलंटवर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपावे, गोळा करून बंद पिशवीत ठेवावे आणि ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. काढलेले जुने कूलंट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजकडेच द्यावे. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. लहान मुलांच्या हाती डबा लागू देऊ नये.

मिरजेच्या त्या मिस्त्रींना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, उठून अंगणातल्या उघड्या घमेल्यावर पत्रा झाकला आणि त्यावर एक विटेचा तुकडा ठेवला. पुढे केव्हाही तेथे गेलो, तरी घमेले झाकलेलेच दिसते.